‘बदलून बघू’ हे निदान नव्हे

जुनी गाडी चालता चालता बंद पडते. पंधरा-वीस मिनिटं रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि मग जणू काही झालंच नव्हतं अशी एका सेल्फमध्ये सुरू होते. गॅरेजला नेली की दिवसभर जागेवर चालू राहते, एकदाही बंद पडत नाही. मारुती 800, ओम्नी किंवा जपून ठेवलेली पद्मिनी ज्यांच्या दारात आहे त्यांना हा दोष सांगावा लागत नाही. त्यावरचा उपचारही गावोगावी ठरलेला आहे. आधी कार्बोरेटर खोलून साफ करायचा, मग प्लग बदलायचे, मग पॉइंट-कंडेन्सर, मग कॉइल, शेवटी एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप. ‘एकेक बदलून बघू, कुठंतरी सापडेलच.’ या पद्धतीविरुद्ध मी लिहितो आहे. ती खर्चिक आहे ही तक्रार दुय्यम. ती तर्काने चुकीची आहे, आणि घाटात किंवा हायवेवर त्या चुकीची किंमत माणसं मोजतात.

पूर्वपक्ष आधी न्यायाने मांडायला हवा, कारण तो लबाडीचा नाही. मिस्त्री म्हणतो, गाडी माझ्यासमोर बंदच पडत नाही, तर तपासू काय? कंडेन्सर स्वस्तात येतो; त्याचा दोष शोधण्यात माझा अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देतं, विचार करण्याचे देत नाही. शिवाय वर्षानुवर्षं हेच काम केल्यावर कुठली वस्तू जास्त वेळा जाते हे हाताला कळलेलं असतं. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो तो खरा नाही.

दोष कायमचा असेल तर वस्तू बदलणं ही स्वतःच एक परीक्षा असते. गाडी सुरूच होत नव्हती, कॉइल बदलली, सुरू झाली. जुनी परत लावली, पुन्हा बंद. सिद्ध झालं. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाचं तसं नाही. तो आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनी जातो. आज कॉइल बदलली आणि आठ दिवस गाडी बंद पडली नाही, तर ते श्रेय कॉइलचं की त्या आठ दिवसांत पडलेल्या पावसाने हवा थंड झाली त्याचं? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याने फांदी मोडली असं कोणी म्हणत नाही. गॅरेजमध्ये मात्र रोज हेच म्हटलं जातं. शेवटची जी वस्तू बदलली तीच दोषी ठरते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तोच ‘अनुभव’ विकला जातो. अनुभवाने आधी कुठं पाहायचं हे जरूर ठरवावं. न पाहता काय बदलायचं हे अनुभवाने ठरवू नये.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. प्रत्येक नवी वस्तू स्वतःबरोबर नवी शंका आणते. बाजारातला स्वस्त कंडेन्सर नवा असूनही सदोष असू शकतो. घाईत बसवलेल्या पॉइंटची गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या बाहेर गेली तर मूळ दोषावर दुसरा दोष चढतो. पाच वस्तू बदललेल्या गाडीत शोधाची सुरुवात शून्याच्याही मागून करावी लागते.

पद्मिनीच्या पंपावर टाकायच्या ओल्या फडक्याचं उदाहरण घ्या. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते वापरलं; 2023 च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली तोवर ते ज्ञान चालत आलं. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. यांत्रिक एसी पंप इंजिनालाच बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे तो इंजिनाइतकाच तापतो. पेट्रोलचे सगळ्यात हलके घटक 35-40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि टाकीपासून येणाऱ्या नळीत पंपाच्या ओढीने दाब कमी झालेला असतो, त्यामुळे ते आणखी सहज उकळतात. नळीत द्रवाऐवजी वाफ भरली की पंप नुसताच हलत राहतो. पंपावर ओलं फडकं टाकलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा खंबाटकीच्या चढावर अडकलेल्या रांगेत हे खरंच घडतं.

पण फडकं टाकून, थांबून, गाडी सुरू झाली याने पंप दोषी ठरतो का? नाही. त्या पंधरा-वीस मिनिटांत पंप जितका निवला तितकीच कॉइल निवली. कॉइलमधली तार तापून सुटली असेल तर ती निवल्यावर पुन्हा टेकते. टाकीचं झाकण हवा घेत नसेल तर तेवढ्या वेळात टाकीतली पोकळी हळूहळू भरून निघते. टाकीतला गंज जाळीवर ओढला गेला असेल तर इंजिन थांबताच तो खाली बसतो. चार निरनिराळे दोष, चौघांचं वर्तन एकच: काही वेळ चाललं की बंद, थांबलं की सुरू. फडक्याने त्यांतल्या एकालाही वेगळं काढलेलं नाही.

वेगळं कसं काढायचं हे आपल्याकडच्या नैयायिकांनी फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. अन्वय आणि व्यतिरेक. कारण असताना कार्य घडलं पाहिजे, आणि कारण काढून घेतल्यावर ते घडता कामा नये. दोन्ही बाजू दिसल्याशिवाय कारण ठरत नाही. हाच नियम बॉनेटखाली लावायचा आहे. फडकं एका वेळी एकाच वस्तूवर टाका. आज फक्त पंपावर. पुढच्या वेळी फक्त कॉइलच्या धातूच्या अंगावर, वरच्या वायरीच्या तोंडापासून लांब. गाडी बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज झाला आणि गाडी लगेच धरली, तर झाकण मोकळं ठेवून तोच रस्ता पुन्हा चालवून बघा. उलट बाजूने, गाडी जागेवर चालू ठेवून केस वाळवायच्या यंत्राने कॉइल तापवा. डेल्कोला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरला, येणाऱ्या वायरी एकेक करून हलवा. चावीचा जुडगा हलवा. अंधारात प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा; गळती असेल तर निळी ठिणगी डोळ्यांनी दिसते. दोष हुकमी आणता आला आणि हुकमी घालवता आला, की तो सापडला. त्याआधी जे काही केलं जातं ते सगळं अंदाज.

‘पण माझ्यासमोर बंदच पडत नाही’ या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. ती तुमच्यासमोर बंद पडावी अशी परिस्थिती तुम्ही निर्माण करायची आहे. आणि ती कोणती हे गाडीचा मालक सांगू शकतो, त्याला विचारलं तर. गार असताना बंद पडते की तापल्यावर? सिग्नलला की चढावर? पावसात? खड्ड्यात आदळल्यावर? टाकी पाव भरलेली असतानाच? झटके देत, गचके खात मेली की दिव्याचं बटण दाबावं तशी एकदम? हा शेवटचा प्रश्न तर सोन्याचा आहे. पेट्रोल तुटलं की इंजिन सहसा अडखळत, पिकअप सोडत जातं. ठिणगी तुटली की क्षणात जातं. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे त्या क्षणी लागले असतील तर इग्निशनपर्यंत करंट येतो आहे. सगळाच डॅशबोर्ड मेला असेल तर बॅटरीचं टर्मिनल, अर्थिंग किंवा इग्निशन स्विचकडे वळा. या माहितीसाठी एकही पाना लागत नाही.

रस्त्यावर गाडी सुरक्षित बाजूला घेतल्यावर दोन मिनिटांत करायची तपासणीही साधी आहे. कार्बोरेटरच्या गाडीत एअर फिल्टरचं झाकण काढा, आत बघत ॲक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. पेट्रोलची पिचकारी दिसली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, आणि पंप व टाकी त्या क्षणापुरते निर्दोष. मग झाकण परत लावून, पेट्रोलच्या वाफांपासून लांब, सुटा प्लग वायरीला जोडून बॉडीला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी आहे की नाही? या दोन उत्तरांनी अर्धी गाडी संशयातून मोकळी होते. एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केल्यावर टाकीतल्या पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐका. अट एकच, हे सगळं गाडी बंद असतानाच, ती पुन्हा सुरू होण्याआधी करायचं. टोइंग करून गॅरेजला पोचेपर्यंत पुरावा निवून गेलेला असतो.

गार झाल्यावर वस्तू निर्दोष दिसते, या एका गोष्टीने मोठमोठ्या कंपन्यांना वर्षानुवर्षं आडोसा दिला आहे. फोर्डने 1983 पासून पुढे अनेक वर्षं अमेरिकेतल्या लाखो गाड्यांत इग्निशनचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरवरच, म्हणजे उष्ण जागी बसवलं. तापलं की ते दगा द्यायचं, निवलं की चालायचं. शेवटी 2000 साली कॅलिफोर्नियातले न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला.

जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेट कोबाल्टची हकिकत याहून भीषण आहे. तिच्या इग्निशन स्विचची पकड सैल होती. चावीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा रस्त्यावरच्या धक्क्याने चावी मागे सरकायची आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद व्हायचं. स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत गेलेली, आणि अपघात झालाच तर एअरबॅगही उघडायची नाही. 2010 साली जॉर्जिया राज्यात अशाच अपघातात एक तरुण स्त्री गेली. गाडी मध्येच बंद पडते म्हणून तिने ती थोड्याच दिवसांपूर्वी डीलरकडे नेली होती, आणि तिथे इंधनाची यंत्रणा साफ करून ती परत दिली गेली होती. आपल्याकडच्या ‘कार्बोरेटर साफ करू’ची ही सख्खी बहीण. खरं कारण सापडलं ते कुटुंबाच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याला. त्याने अपघातग्रस्त गाडीतला स्विच आणि बाजारातून आणलेला नवा स्विच खोलून शेजारी ठेवले. नव्या स्विचमधली खुंटी काही अंशी लांब होती, स्प्रिंगही वेगळी; भाग क्रमांक मात्र तोच. कंपनीने स्विच गुपचूप सुधारला होता. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने 124 मृत्यू मान्य केले. मधूनच बंद पडणाऱ्या गाडीला किरकोळ तक्रार म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

‘स्कॅनरवर काही येत नाही, म्हणजे दोष नाही’ हे मत आता नव्या पद्धतीच्या गॅरेजांतही ऐकू येतं. त्याला फार जागा द्यायला नको. स्कॅनर कॉम्प्युटरला जे दिसतं तेवढंच सांगतो. सैल अर्थिंग, झाकणामुळे टाकीत होणारी पोकळी, किंवा मागाहून बसवलेल्या चोरीविरोधी सिस्टिमने इग्निशनच्या वायरीत घातलेला काळ्या टेपचा जॉइंट, यांचा कोड नसतो. जुन्या गाडीत आधी शोधावेत ते हेच मागाहून घातलेले जॉइंट. सीएनजी-एलपीजी किटच्या वायरिंगमध्ये तर ते हमखास असतात.

पेट्रोलचं प्रकरण वेगळं, कारण तिथे तक्रारीत तथ्य आहे. ई20 पेट्रोलसाठी या गाड्या बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला त्रास देतं, पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना थर सोडवून फिल्टरमध्ये आणतं, आणि जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. तरीही ‘पेट्रोलच तसलं येतं’ एवढं म्हणून हात झटकणं मला मान्य नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते. फिल्टर तुंबला असेल तर गाडी चढावर, ओव्हरटेक करताना, म्हणजे जास्त मागणीच्या वेळी मरेल. पाणी असेल तर काचेच्या बाटलीत घेतलेल्या पेट्रोलच्या तळाशी ते वेगळं दिसेल. पण पिचकारी जोरदार येत असताना तापलेली गाडी सिग्नलला मरत असेल, तर सरकारच्या इंधनधोरणावर बोलून तिची कॉइल बरी होणार नाही.

राहिला सल्ला, ‘जुनी झाली, काढून टाका.’ हा सल्ला देणारे बहुधा नवी गाडी घेऊ शकणारे असतात. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून, हरितकर भरून जो ओम्नीत भाजी आणतो किंवा आईला डायलिसिसला नेतो, त्याला तो सल्ला देणं म्हणजे निदान न करता रोग्याला मृत घोषित करणं आहे. वय हे कारण नाही. वयामुळे सुटलेला एक विशिष्ट जॉइंट, एक विशिष्ट तार हे कारण असतं, आणि ते नेमकं ठिकाण दाखवता येतं.

म्हणून मालकांना माझी विनंती आहे. डॅशच्या कप्प्यात एक वही, एक सुटा प्लग आणि एक टेस्ट लॅम्प ठेवा. गाडी बंद पडली की वेळ, उष्णता, रस्ता, टाकीतलं पेट्रोल आणि ती कशी मेली हे तिथेच लिहा. मिस्त्रीला सांगा की तपासणीचे पैसे वेगळे देईन, वस्तू लागो वा न लागो. आणि ते खरोखर द्या, कारण पूर्वपक्षातला हा एक मुद्दा आपणच निर्माण केलेला आहे. मिस्त्री बांधवांनाही विनंती, काढलेली वस्तू परत लावून दोष परत येतो का ते दाखवा आणि मगच नवीचं बिल करा. आणि मालकांनो, दोष सापडेपर्यंत ही गाडी घेऊन घाटात जाऊ नका. चालता चालता बंद पडलीच तर चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू नका. बूस्टरमध्ये उरलेली मदत दोन-तीन दाबांपुरतीच असते.