पंचक्रोशीची बातमी कोणत्या भाषेत?

सीमाभागात भाषेची चर्चा निघाली की ती हटकून दोन ठिकाणी जाऊन थांबते. एक, सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असलेला 2004चा मूळ दावा क्रमांक 4. आणि दुसरे, 1 नोव्हेंबरचा काळा दिवस. दोहोंचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु निकालाची वाट पाहत असताना आपल्या गावातील महिला मंडळाचे इतिवृत्त, सोसायटीच्या सभेची सूचना, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त हे सारे कोणत्या भाषेत लिहिले जात आहे, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. विषय क्षुल्लक वाटेल. तो तसा का नाही, हे सांगण्यासाठी वाचकांना आम्ही वेल्समधील बाला या गावी नेऊ इच्छितो.

बाला हे उत्तर वेल्समधील ग्विनेथ परगण्यातले, तेगिद सरोवराच्या टोकाशी वसलेले जेमतेम दोन हजार वस्तीचे बाजाराचे गाव. संपूर्ण वेल्समध्ये 2021च्या जनगणनेनुसार 17.8 टक्के लोकांनाच वेल्श बोलता येते. बालामध्ये मात्र हे प्रमाण दोन तृतीयांशांहून अधिक आहे. आठव्या हेन्रीच्या काळातील 1536च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरविली आणि वेल्श भाषा वापरणाऱ्यास अधिकारपद धारण करण्यास अपात्र केले. हे बंधन पुढे चार शतके टिकले. 1942 आणि 1967च्या कायद्यांनी न्यायालयात वेल्श बोलण्याची वाट टप्प्याटप्प्याने मोकळी केली, 1993च्या कायद्याने सार्वजनिक कारभारात दोन्ही भाषांना समान पायावर वागविण्याचे तत्त्व आणले आणि 2011मध्ये वेल्श भाषेस अधिकृत दर्जा मिळाला.

बालाच्या जवळच्याच ट्रवेरिन खोऱ्यात कापेल केलिन नावाचे वेल्शभाषक खेडे होते. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी ते बुडविण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने 1957मध्ये केला. वेल्समधील एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी कायदा झाला. 1965 साली गाव, शाळा, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमी पाण्याखाली गेली. हा पराभव सर्वांना ठाऊक आहे. वेल्समध्ये त्याची आठवण आजही रस्त्याकडेच्या एका भिंतीवर रंगवलेली दिसते. आमच्या दृष्टीने मात्र अधिक बोधप्रद घटना आहे ती त्यानंतर दोनच वर्षांनी घडलेली, आणि ती फारशी कोणी सांगत नाही.

बालापासून काही मैलांवर पार्क नावाचे खेडे आहे. तेथे विमेन्स इन्स्टिट्यूट या इंग्लंड आणि वेल्समध्ये पसरलेल्या महिला संस्थेची शाखा होती. सभासद सगळ्या वेल्श बोलणाऱ्या, सभाही वेल्शमध्येच चालत; पण वरून येणारे कागद इंग्रजीत. कागद वेल्शमध्ये मिळावेत अशी मागणी त्यांनी केली, तेव्हा संस्थेची अधिकृत भाषा इंग्रजीच आहे, असे उत्तर मिळाले. 1967मध्ये या स्त्रिया बाहेर पडल्या आणि त्यांनी स्वतःची संस्था काढली. तिचे नाव ‘मेर्खेद अ वाउर’, म्हणजे पहाटेच्या लेकी. या पुढाकारामागील सोनिया बोवेन या मूळच्या इंग्रज, पुढे वेल्श भाषा आपलीशी केलेल्या. (भाषेचा अभिमान रक्तातूनच यावा लागतो असे मानणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी हा तपशील जरूर लक्षात ठेवावा.) आज या संस्थेच्या शाखा वेल्सभर आहेत आणि तिचे सर्व कामकाज, इतिवृत्तासकट, वेल्शमध्ये चालते. ट्रवेरिनचे पाणी कोणी मागे लोटू शकले नाही. पार्कच्या स्त्रियांच्या हाती होती ती फक्त आपल्या सभेची वही, आणि तिची भाषा त्यांनी ठरविली.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. 1973मध्ये कार्डिफ येथे ‘अ दिनेसिद’, म्हणजे ‘नागरिक’, नावाचे छोटे वेल्श मासिकपत्र निघाले आणि पाहता पाहता गावोगाव तशी पत्रे उभी राहिली. त्यांना ‘पापिर ब्रो’ म्हणतात. ‘ब्रो’ या शब्दाला आपल्याकडे ‘पंचक्रोशी’हून नेमका शब्द नाही. आज अशी पन्नासांहून अधिक पत्रे चालू आहेत. बालाच्या परिसराचे ‘पेथे पेन्थ्लिन’ हे त्यांतलेच. पेन्थ्लिन हा पाच पॅरिशांचा मुलूख, तेव्हा हे पत्र अक्षरशः पंचक्रोशीचे. आणि ‘पेथे’ म्हणजे ‘गोष्टी’, वस्तू या अर्थानेही आणि आपल्या संस्कृतीतील जपण्याजोग्या गोष्टी या अर्थानेही.

या पत्रांत असते काय? कोणाकडे बाळ जन्मले, कोणाचा विवाह ठरला, कोण निवर्तले. इस्पितळातून परतलेल्याने शेजाऱ्यांचे मानलेले आभार. शाळेच्या सहलीचा वृत्तान्त, तरुण शेतकरी मंडळाच्या स्पर्धांचे निकाल, गायनमंडळाचा कार्यक्रम, स्थानिक आयस्टेथवोदमध्ये कविता आणि पठणासाठी कोणास पारितोषिक मिळाले ती यादी. प्रत्येक वाडीचा एक बातमीदार असतो. तो मोबदला घेत नाही. छपाई होऊन आले की ठरलेल्या संध्याकाळी मंडळी जमून अंकांच्या घड्या घालतात. किंमत अल्प, सरकारी अनुदान थोडके, जाहिराती गावच्याच दुकानदारांच्या. मोठ्या बातम्या येथे नसतात. वादाचे विषय तर बहुधा टाळलेच जातात, आणि हा या पत्रांचा दोष आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्यांनी केलेले एक काम कोणत्याही कायद्याला साधले नसते. प्रार्थनामंदिरातील ग्रांथिक वेल्श वाचताना बिचकणारा, आपली बोली अशुद्ध आहे असे मानून इंग्रजी वृत्तपत्र हाती धरणारा माणूस, शेजाऱ्याच्या म्हशीगाईंची बातमी आहे म्हणून वेल्श वाचू लागला. आम्हांस येथे आपलीच आठवण होते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील आपली मराठी कानडीच्या शेजाराने घडलेली आहे. पुण्याची माणसे हसतील या संकोचाने आपल्यापैकी कित्येक जण मराठीत चार ओळीही लिहीत नाहीत. बोलतात मराठीत, नमस्काराचा निरोप पाठवतात इंग्रजी लिपीत.

पंचक्रोशीच्या पत्राने सर्व प्रश्न सुटतात, असा आमचा दावा नाही. वेल्शभाषकांचे प्रमाण 2021मध्ये जनगणनेच्या इतिहासातील नीचांकावर आले. तरुण कामासाठी बाहेर जातात, बाहेरचे धनिक सुटीची घरे विकत घेतात; ग्विनेथ परिषदेने अशा दुसऱ्या घरांवर 2023पासून 150 टक्के अधिभार लावला, तो उगाच नव्हे. घर आणि रोजगार नसेल तर भाषा वाचायला माणूस उरत नाही. खानापूरच्या जंगलपट्टीतील वाड्यांना हे वेगळे सांगावयास नको.

आता आपल्याकडे पाहू. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांनुसार, जेथे त्यांची संख्या 15 टक्के वा अधिक आहे तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. ही आश्वासने प्रशासकीय आहेत, कायद्याचे दात त्यांना नाहीत. म्हणून मराठी पक्षकार आपल्याच जमिनीची नोटीस दुसऱ्याकडून वाचून घेतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यासाठी भांडत राहिलेच पाहिजे. मात्र महिला मंडळाच्या वहीसाठी कोणाच्याही आदेशाची गरज नाही. संविधानाच्या अनुच्छेद 29ने भाषा जतन करण्याचा हक्क थेट आपल्याच हाती दिला आहे.

शिवाय आपण शून्यातून आरंभ करणार नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव येथील ग्रामीण साहित्य संमेलने ही आयस्टेथवोदच्या तोडीची लोकसंस्था आहे. संमेलन होते, मांडव उतरतो, आणि नंतर वर्षभर त्या गावाचे मराठीत छापलेले काही हाती येत नाही. ज्या गावात संमेलनाची समिती आहे, त्या गावात बातमीदारांची यादी तयारच आहे असे समजावे.

कायदेशीर बाबींची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. नियतकालिकांची नोंदणी आता 1867च्या जुन्या कायद्याने नव्हे, तर 2023च्या अधिनियमाने होते. तो 1 मार्च 2024पासून अंमलात आला आहे. पूर्वीप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापन करावे लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. शीर्षकासाठी दोन-तीन पर्यायी नावे आधी ठरवून ठेवावीत, प्रकाशक म्हणून एका जबाबदार व्यक्तीचे नाव निश्चित करावे, आणि मुद्रणालयाशी करार लेखी करावा, मराठीत.