बाण रामाचा, पाय आमचे



आमच्या इटियाडोहाला गरम पाण्याचा झरा नाही. गाढवी नदी आहे. तिच्यावर मातीचं धरण आहे, भोवती जंगल आहे, खाली कालव्यावर दुसऱ्यांच्या मालकीची धानाची बांधी आहे आणि त्या बांधीत रोवणीला वाकलेली पाठ आमची आहे. या पाण्यात कुणाला देव दिसत नाही. दिसणार कसा? ते कुणी अडवलं, माती कुणी टाकली, पाळ कुणी घातली, सगळं वस्तीला माहीत आहे. ज्या पाण्याचा हिशेब माहीत असतो त्याला कुणी नारळ फोडत नाही.

पण गरम पाण्याचं नाव काढलं की आमच्याच माणसांच्या डोक्याला काय होतं कोण जाणे. हिवाळा आला की वर्गणी निघते. गाडी ठरते. ज्याच्या अंगावर चट्टा, ज्याच्या पायाला जखम, त्याला आधी बसवतात. कुठं चाललात? तर कुंडावर. देवाचं पाणी आहे, चामडी धुऊन निघते. आणि यंदा तर कहर झाला. आपल्याच एका मंडळाच्या पोरांनी पावत्या फाडल्या. पावतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली 'निसर्गसहल : गरम पाण्याचे झरे'.

मी विचारलं, तर दोन उत्तरं मिळाली. दोन्ही उत्तरं हुशार आहेत, म्हणून दोन्हींचा समाचार घ्यायला पाहिजे.

पहिलं उत्तर असं : पाणी निसर्गाचं आहे. निसर्गाला जात नाही, धर्म नाही. त्यात गंधक असतं. मग आपली माणसं गेली तर तुझं काय जातं?

पाणी निसर्गाचं, हे शंभर टक्के कबूल. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत जसजसं खाली जावं तसतशी उष्णता वाढते, किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंश. तिथं पाणी तापतं, दुसऱ्या भेगेतून दाबानं वर येतं, येताना खडकातले क्षार घेऊन येतं. संपली गोष्ट. तानसा नदीकाठचं अकलोली-वज्रेश्वरी घ्या, महाडजवळ सावित्रीकाठचं सव घ्या, दापोलीकडचं उन्हवरे घ्या, संगमेश्वराकडचं आरवली, तुरळ, राजवाडी घ्या. किनाऱ्याला समांतर झऱ्यांची ओळच्या ओळ लागलीय. देवांनी काय दोरी धरून नवस फेडले का? खालच्या खडकाला भेगा आहेत म्हणून ओळ आहे.

पण मित्रा, त्या निसर्गाच्या तोंडावर कुणाचं नाव कोरलंय ते वाचलंस का? पैनगंगेच्या काठी, किनवट तालुक्यात, जंगलात उनकेश्वर आहे. तिथली कथा काय? शरभंग ऋषीला कुष्ठ झालं, रामानं बाण मारला, गरम पाणी उसळलं, ऋषी बरा झाला. सातपुड्याच्या कुशीत उनपदेव आहे. तिथंही तोच शरभंग, तोच राम, तोच बाण. वज्रेश्वरीला जा, तिथं देवी बसलीय. तिचं देऊळ बाजीरावाचा भाऊ चिमाजी अप्पानं बांधलं, १७३९ साली वसई जिंकल्यावर, नवस फेडायला. म्हणजे देऊळ पेशवाईचं. पाणी पेशवाईच्या कितीतरी आधीचं. कारण सगळीकडं एक, देव मात्र गावागणिक वेगळा. यावरूनच कळायला हवं की देव मागाहून येऊन बसलेत. झऱ्याशेजारी आधी दगड, मग दगडाला शेंदूर, मग शेंदराला पुजारी, मग पुजाऱ्यासमोर तुझं ताट.

आणि हा राम कोण? ऋषीच्या कातडीसाठी त्यानं बाण मारला म्हणतात. तप करणाऱ्या शंबुकाच्या मानेवर तलवार कुणी चालवली? तोच. ऋषीला औषध आणि शूद्राला तलवार! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आमच्या आज्यानं हात वर करून सांगितलं की रामाला देव मानणार नाही, त्याची पूजा करणार नाही. आणि नातू त्याच रामाच्या बाणाच्या भोकात पाय बुडवायला वर्गणी गोळा करतो. वर त्याला 'निसर्ग' म्हणतो.

आता 'तुझं काय जातं' या प्रश्नाचं उत्तर. माझ्या मोठीमायचा पाय गेला. मी तेव्हा शाळेत होतो. तिच्या पोटरीवर फिकट चट्टा आला. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग पाऊल बधिर झालं. चप्पल गळून पडली तरी तिला कळेना. शेजारच्यांनी सांगितलं, कुंडावर न्या. नेली. चांगलं सात दिवस बसवली. बाकीचे पाय घालत, चटका बसला की काढून घेत. ही मात्र बसून. म्हणे, "पाणी कोमटच आहे बापा. तुमीच कायले पाय मांगं घेता?" सगळे म्हणाले, बघा, देवानं हिला सहन करायची ताकद दिली! ताकद कसली? शिर मेली होती. घरी आली तेव्हा तळव्याला फोड होते. फोडाची जखम झाली, जखमेत किडे झाले, दोन बोटं झडली. मग कुठं आरोग्य केंद्र. तिथल्या नर्सबाईनं कापसाची वात चट्ट्यावर फिरवली आणि डोळे मिटून विचारलेलं बोट मोठीमायला दाखवता येईना. दोन मिनिटांची तपासणी. गोळ्या फुकट. जंतू मेला. बोटं काही परत आली नाहीत.

दोस्तांनो, कुष्ठरोग पापानं होत नाही, जंतूनं होतो. नॉर्वेच्या हॅन्सननं तो जंतू १८७३ साली दाखवला. तीन औषधांचा एकत्र उपचार जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली सांगितला, आपल्या देशात १९८३ पासूनच्या निर्मूलन कार्यक्रमात तो आला. चट्टे कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. सरकारी दवाखान्यात पैसा लागत नाही. औषध सुरू झालं की रोगी दुसऱ्याला रोग देत नाही. २००५ च्या डिसेंबरात सरकारनं जाहीर केलं की देशपातळीवर हा रोग आता सार्वजनिक प्रश्न उरला नाही. पण आपल्या पूर्व विदर्भात, गोंदिया-भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीत, अजूनही नवे रोगी सापडतात. २०१९ पर्यंत तर या देशाच्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. म्हणजे रोग्याला घरानं टाकायचं, कायद्यानं टाकायचं, आणि देवानं मात्र कुंडात बोलवायचं. बधिर पायाला गरम पाणी म्हणजे औषध नव्हे, भट्टी. गंधकाचं गुणगान गाणाऱ्यांनी हे आधी पाठ करावं.

आता दुसरं उत्तर. हे जास्त धारदार आहे. ते म्हणतात : या कुंडांत आपल्या बापजाद्यांना कोण उतरू देत होतं? आता आपण हक्कानं उतरतो. हा चवदार तळ्याचाच पुढचा टप्पा आहे.

हक्काबद्दल माझं एका अक्षराचंही भांडण नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद ओला झाला, ओंजळ कोरडीच राहिली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ती ओंजळ भरली. मग सवर्णांनी शेणगोमुत्राचे १०८ घडे ओतून तळं 'शुद्ध' केलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. कोर्टात खटला चालला तो १७ मार्च १९३७ पर्यंत, आणि हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. पुढं घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव यांच्याबरोबर स्नानघाटही लिहिले गेले. तेव्हा सार्वजनिक कुंडावर कुणी तुम्हाला अडवलं तर गप्प बसू नका. १९८९ चा कायदा आहे, ठाण्यात जा, गुन्हा नोंदवा, आम्ही सोबत येतो.

पण हक्क म्हणजे भक्ती नव्हे! तळ्यावर बाबासाहेबांनी नारळ फोडला नाही. ते पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, आपणही माणसं आहोत एवढंच ठरवायला आलोय, हे त्यांनीच लोकांना सांगितलं. सवचा गरम झरा महाडच्या हाकेवर आहे. बाबासाहेबांनी माणसं तिकडं नेली नाहीत. ज्या पाण्यावर गुरंढोरं तोंड घालत होती त्या रोजच्या थंड पाण्यावर नेली. लढाई तहानेची आणि माणुसकीची होती, पुण्याची नव्हती. मनूचा दरवाजा फोडून आत शिरायचं आणि आत मनूच्याच पाया पडायचं, याला पुढचा टप्पा म्हणत नाहीत. याला उलटा प्रवास म्हणतात.

गरम पाण्याशी कसं वागावं याचा धडा आपल्याकडं आहे. राजगृहाला तपोदा नावाचे गरम झरे होते. विनयपिटकात हकीकत आहे : भिक्खू तिथं अंघोळ करत होते, बिंबिसार राजा आला आणि त्यांचं आटपेपर्यंत थांबून राहिला. इतका उशीर झाला की नगराचे दरवाजे बंद झाले. राजा थांबला! आणि त्या संघात न्हावी उपालीला जागा होती, राजगृहाचे रस्ते झाडणाऱ्या सुनीताला जागा होती. बुद्धांनी काय केलं? पाणी पवित्र आहे असं म्हटलं नाही. भान ठेवून अंघोळ करा म्हणून भिक्खूंनाच नियम घालून दिला, आणि आजारी, उन्हानं तापलेला, काम करून आलेला, वाटेनं चाललेला यांना त्यातून सूट दिली. पाणी म्हणजे पाणी. थकलेल्या अंगासाठी. आज त्याच राजगीरच्या झऱ्यांवर ब्रह्मकुंड नाव आहे. आपण सोडलं की काय होतं, ते तिथं जाऊन बघा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सहल काढा. झरे बघा. खडक बघा, भेग बघा, पोरांना भूगोल शिकवा. अंग दुखत असेल तर खुशाल बसा. पण नारळ नाही, दक्षिणा नाही, बाणाची कथा नाही. आणि ज्याच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा चट्टा आहे, ज्याचा हात किंवा पाय बधिर आहे, त्याला गाडीत बसवायचं नाही. त्याला आरोग्य केंद्रात न्यायचं. हे आशाताईवर ढकलू नका, तुम्ही स्वतः न्या. १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीसाठी जेवढी घरं फिरता तेवढीच घरं चट्टा विचारत फिरा. बाईची तपासणी बाईनं करावी, पुरुषाची पुरुषानं. आपल्या मंडळातल्या मुलींना पुढं करा, त्या तुमच्यापेक्षा चांगलं करतील. ज्या घरी रोगी सापडेल त्या घरचा चहा सगळ्यांसमोर प्या. अस्पृश्यता काय असते हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, मग ती आमच्याच वस्तीत आम्ही कशी चालू देतो?

पावत्या फाडणाऱ्या दोस्तांनो, रागावला असाल तर चांगलंच आहे. पुढच्या अंकात दोन पानं तुमच्यासाठी मोकळी ठेवलीत. उत्तर लिहा. आणि लिहिण्याआधी गाडीत कुणाकुणाला बसवलंय त्यांचे तळपाय एकदा बघून या.