घरातला तंत्रमित्र : संगणकाला ताप आला की आधी काय बघायचं?

गेम सुरू केला की पंखा विमानासारखा घोंघावतो. व्हिडिओ बघता बघता स्क्रीन अडखळते. आणि ऐन कामाच्या वेळी, काही न सांगता, संगणक फट्‌दिशी बंद! उन्हाळ्यात अनेक घरांतली ही तक्रार असते. लगेच कोणीतरी म्हणतं, "जुना झालाय, नवीन घ्या." थांबा. माणसाला ताप आला की आपण आधी थर्मामीटर लावतो. इथेही तेच करायचं आहे.

किती ताप म्हणजे ताप?

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ हे बटण दाबत राहिलं, की बहुतेक मदरबोर्डांवर बायॉसचा पडदा उघडतो. तिथे प्रोसेसर आणि मदरबोर्डचं तापमान दिसतं. विंडोजमध्ये काम करताना बघायचं असेल, तर एचडब्ल्यू-मॉनिटर किंवा एचडब्ल्यू-इन्फोसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत.

साधारण हिशोब असा : काही काम चालू नसताना प्रोसेसर ३५ ते ५० अंश, जड कामात ६० ते ८०. सतत ९० च्या पुढे राहत असेल तर लक्ष घाला. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश आहे. एएमडीचे २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर जड कामात ९५ पर्यंत जातील अशाच बेताने बनवलेले आहेत. म्हणून आपल्या मॉडेलची मर्यादा कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. मर्यादा आली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तेवढ्यानेही भागलं नाही तर संगणक बंद करतो. म्हणजे हे बंद पडणं त्याला वाचवण्यासाठीच असतं.

मदरबोर्ड साधारण ३० ते ५० अंशांत असतो. आणि एखाद्या ओळीत १२७ किंवा उणे आकडा दिसला तर घाबरू नका. बहुधा त्या जागी सेन्सर जोडलेलाच नसतो आणि सॉफ्टवेअर काहीतरी आकडा दाखवतं.

खोलीचं तापमान वजा करा

मी राहते ते म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. इथला उन्हाळा सुसह्य. नागपुरात मात्र मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जाणं नवीन नाही. कुठलाही पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून नुसता आकडा न बघता फरक बघा : प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान. रिकाम्या वेळी हा फरक १५ ते २० अंश असेल तर सहसा ठीक. चाळीसच्या पुढे असेल तर दोष उन्हाळ्याचा नाही, संगणकाच्या आत काहीतरी बिघडलं आहे.

माझ्या नागपूरच्या मावशीचा मागच्या उन्हाळ्यात फोन आला. "अगं, कम्प्युटर सारखा बंद होऊन राहिला ना! दुकानवाला म्हणते बोर्ड गेला, साडेनऊ हजार लागतील." त्याच संगणकात काकांनी दोन वर्षं बसून स्कॅन केलेले घरातले जुने फोटो होते, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी आधी ते सगळे पेनड्राइव्हवर घ्यायला लावले, थोडे थोडे करून, मध्ये मध्ये संगणक बंद ठेवून. मग आकडे विचारले. खोली ३३, प्रोसेसर रिकाम्या वेळी ७८. फरक ४५! मदरबोर्ड मात्र ४२. बोर्ड थंड आणि प्रोसेसर तापलेला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता त्याच्या कूलरपर्यंत पोचतच नव्हती.

मग क्रमाने बघा

१. जागा. आपल्याकडच्या कम्प्युटर टेबलात कॅबिनेटसाठी बंद कप्पा असतो. तिथे गरम हवा कोंडते. कॅबिनेट बाहेर काढा, मागे निदान वीतभर जागा सोडा. वरचं विणलेलं कव्हर संगणक चालू असताना काढून ठेवा. खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरचा झोतही थेट आत जाऊ देऊ नका, त्या हवेत ओल असते.

२. काम. टास्क मॅनेजर उघडा. तुम्ही काहीच करत नसताना प्रोसेसर ८०-९० टक्के गुंतलेला दिसला, तर अपडेट चालू असेल किंवा नको तो प्रोग्राम शिरला असेल. अँटिव्हायरस चालवा.

३. धूळ. प्लग काढा, कॅबिनेट गॅलरीत न्या, तोंडाला रुमाल बांधा. मऊ ब्रश आणि गार हवेचा ब्लोअर पुरे. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ते वेड्यासारखं फिरलं तर खराब होऊ शकतं. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होते.

४. पंखे. सगळे फिरतात का? पुढचा हवा आत घेतो, मागचा बाहेर टाकतो, अशी दिशा आहे का? प्रोसेसर ठीक आणि मदरबोर्ड तापलेला असेल, तर गडबड बहुधा इथेच असते.

५. कूलरची पकड. इंटेलसोबत येणाऱ्या अनेक कूलरना चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. एक जरी सुटली तरी कूलर तिरका होतो. समोरासमोरच्या दोन-दोन खुंट्या टक् आवाज येईपर्यंत दाबा.

६. थर्मल पेस्ट. ती वाळली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. जास्त लावून जास्त थंडावा मिळत नाही. एएमडीच्या जुन्या बोर्डांवर कूलर सरळ ओढला तर प्रोसेसरही त्याला चिकटून वर येतो, म्हणून संगणक थोडा वेळ चालवून, बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच पिळत सोडवा. हात धजत नसेल तर एवढं एकच काम दुरुस्तीवाल्याला सांगा.

मावशीकडे पाचव्या पायरीवरच उत्तर मिळालं. एक खुंटी निखळलेली होती. माझ्या मावसभावाने ती बसवली, पेस्ट बदलली, आणि त्याच खोलीत आकडा ५१ वर आला. बोर्ड तोच, संगणक तोच.

एवढं करूनही तापमान उतरत नसेल, जळका वास येत असेल किंवा बोर्डावरचे छोटे डबे फुगलेले दिसत असतील, तर मात्र संगणक बंद ठेवा आणि दुकानात न्या. जाताना आकडे कागदावर लिहून न्या. आकडे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला "बोर्ड गेला" एवढ्यावर वाटेला लावणं अवघड जातं.

उष्णतेचं हे कोडं मोठ्यांनाही सुटलेलं नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकाला थंड ठेवायला पाणी खेळवावं लागतं. आपलं काम ब्रशवर भागतं!

दसऱ्याला इथे म्हैसुरात आयुधपूजेत संगणकालाही फूल आणि कुंकू वाहतात, आपल्याकडेही वाहतात. यंदा पूजेआधी अर्धा तास त्याची आतून साफसफाई करा. आणि कुंकवाचं बोट कॅबिनेटच्या माथ्यावर लावा, जाळीवर नको. उदबत्तीही जरा लांबच.