हाताने वाचायच्या गोष्टी

ज्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणलं, तिथे तरी नव्या कलेचं स्वागत मोकळ्या मनाने व्हायला हवं. पण ‘गेम’ म्हटलं की घरोघरी कपाळाला आठ्या पडतात. म्हणून या अंकासाठी सातारा-सांगलीच्या वाचकांकडून आम्ही परीक्षणं मागवली नाहीत. खेळताना मनात काय झालं, तेवढंच लिहा म्हटलं.

विट्याच्या एका वाचक भगिनीने ‘वेंबा’वर लिहिलं आहे. 2023 चा हा गेम कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा. आईची पाककृतींची वही फाटलेली, अक्षरं पुसट. गाळलेली पायरी खेळणाऱ्याने शोधून पदार्थ पुरा करायचा. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यापायी या लेखिकेचं बालपण तमिळनाडूत गेलं. पडद्यावर इडल्या करताना तिला शेजारच्या अक्का आठवल्या, आणि गेम तिथेच थांबवून तिने त्यांना फोन लावला. नुसतं वाचून हे झालं असतं? मला नाही वाटत. हाताला काम लागलं, म्हणून आठवण जागी झाली.

पुण्यात घडलेल्या ‘राजी’ या गेमवरही (2020) लेख आहे. धाकट्या भावाला शोधत निघालेली ती मुलगी साताऱ्याच्या एका आजोबांना नातवामुळे भेटली.

मराठीत अशा कलाकृती फारच थोड्या. ‘ट्वाइन’ हे साधन 2009 पासून फुकट उपलब्ध आहे. प्रोग्रॅमिंग न येताही त्यात फाटे फुटणारी गोष्ट देवनागरीत लिहिता येते. तुम्ही लिहिलीत तर जरूर कळवा. दिवाळी अंकात तिच्यासाठी पानं राखून ठेवतो.