दोन मुलांची अट आता रद्द करा

लोकसंख्येला आळा घालायला कायदा हवा, ही मागणी दर निवडणुकीत डोके वर काढते. आकडे मात्र केव्हाच पुढे गेले आहेत. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला दर स्त्रीमागे सरासरी 2.1 मुले लागतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाची सरासरी 2.0, तर महाराष्ट्राची 1.7 निघाली. तरीही तिसरे अपत्य झालेल्याला आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. पंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. पण मुले किती, हा निर्णय अनेक घरांत बाईच्या हाती नसतो. निर्णय सासरचा, अपात्र ती! मुलगाच हवा असलेल्या घरात अशी अट गर्भातल्या मुलीच्या जिवावर उठू शकते, हे वेगळेच.

बिहारचे काय, असे कोणी विचारेल. तिथली सरासरी अजून 3.0 आहे, हे खरे. पण आधीच्या पाहणीत ती 3.4 होती. देशभरात न शिकलेल्या स्त्रियांना सरासरी 2.8 मुले, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना 1.8. म्हणजे शाळा जे करते, ते शिक्षेला जमत नाही. सक्तीचा मार्ग चीनने 1980 पासून चोखाळला. आज तेच सरकार तिसऱ्या मुलासाठी आर्जवे करते आहे. आणीबाणीतली नसबंदी तर आपण विसरलेलो नाही. आंध्र प्रदेशाने ही अट 2024 मध्ये काढून टाकली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही आता तेच करावे.