चार बीकर आणि एक काच

मागच्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी 'क्वांटम डॉट्स' हा विषय घेतला. खरं सांगू? नाव भारी वाटलं म्हणून! (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.) स्लाइड्स झाल्या, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "हे आपल्याला बनवता येतं का?" मी "छे, ते फॉरेनचं काम" म्हणून मोकळी झाले. उत्तर साफ चुकलं होतं.

गोष्ट अशी आहे मित्रांनो. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढऱ्या रंगात घालतात ती पूड. तिचा बँडगॅप 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळे ती फक्त अल्ट्राव्हायोलेट शोषते. उन्हात ते असतं जेमतेम पाच टक्के. आपल्या नगरचं बाकीचं एवढं कडक ऊन वायाच! म्हणून वीज वाहणाऱ्या काचेवर या पुडीचा लेप भाजून घेतात आणि त्यावर कॅडमियम सल्फाइडचे काही नॅनोमीटरचे कण चढवतात. कण निळा-हिरवा प्रकाश शोषतो, त्याचा इलेक्ट्रॉन पुडीत उडी मारतो आणि कणातली रिकामी जागा इलेक्ट्रोलाइटमधलं सल्फाइड भरून काढतं. कणाचा आकार बदलला की शोषला जाणारा रंगही बदलतो. या क्वांटम डॉट्सनाच 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता कण चढवायचे कसे? काच कॅडमियमच्या द्रावणात बुडवा, पाण्यात धुवा, सल्फाइडमध्ये बुडवा, परत धुवा. हवं तितक्या वेळा. बस्स! या पद्धतीला 'सिलार' म्हणतात. व्हॅक्यूम नको, महागडं मशीन नको. आणि या पद्धतीवरचा गाजलेला आढावा 2004 साली एच. एम. पठाण आणि सी. डी. लोखंडे यांनी लिहिला, तो आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून. फॉरेन म्हणे!

आपली काच बाजारातल्या सिलिकॉन पॅनेलशी बरोबरी करणार नाही, फार टिकणारही नाही. मान्य. पण शेवटच्या वर्षाला आपण तयार प्रोजेक्ट विकत आणतो आणि व्हायव्हाच्या आदल्या रात्री तो कसा चालतो ते पाठ करतो, त्यापेक्षा स्वतः बुडवलेली, अर्धा टक्का देणारी काच मला जास्त मोलाची वाटते.

हे सगळं मी त्या मागच्या बाकावाल्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "आणि उरलेलं कॅडमियम कुठे ओतणार?" पठ्ठ्याने परत पकडलं! कॅडमियम विषारी आहे, आणि आपल्याकडे कित्येक गावं विहिरीचं पाणी पितात. बेसिनमध्ये एक थेंबही जाता कामा नये. धुतलेलं पाणीसुद्धा कॅनमध्ये साठवून घातक कचरा म्हणूनच द्यावं लागेल. नाहीतर कॉपर इंडियम सल्फाइड वापरायचं. ते जमवायला जरा किचकट आहे, पण कॅडमियम टळतं.

आम्ही दोघांनी दुसरा पर्याय धरलाय. शनिवारी दुपारी केमिस्ट्रीची लॅब मिळावी म्हणून अर्ज दिलाय. तिसरा पार्टनर हवाय, ग्लोव्हज घालायचा कंटाळा नसलेला.