मराठी मजकूर ऐकताही आला पाहिजे

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी उभी हयात गेली. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब झाल्यापासून दोन-चार ओळींतच अक्षरं फिसकटतात. तरी अग्रलेख, कथा, भाचीने पाठवलेले लेख असं माझं वाचन रोज चालू आहे. मी ते कानांनी करते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ची सोय असते. ती चालू करून मजकुरावर बोट ठेवलं, की फोन मराठीत वाचू लागतो. त्याला पैसे पडत नाहीत. संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडरही मोफत मिळतो.

हा आवाज चुकतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च तो कधी एकाच साच्यातून काढतो. संक्षेपाच्या टिंबावर वाक्य संपल्यासारखा थांबतो. पण अर्थ पोचतो. ऐकणं म्हणजे दुय्यम वाचन, असं मी कधीच मानणार नाही. छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवायचा. नजरेतून निसटलेली ओळ कानाला सापडायची.

खरी अडचण मजकुराची आहे. पेन्शनधारकांसाठीचं एक सरकारी परिपत्रक मी उघडलं, तर फोन गप्पच. सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून पीडीएफ केलेली. फोनच्या लेखी त्यात एकही अक्षर नव्हतं. एका जुन्या लेखावर फोन इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बरळत सुटला. कारण साधं आहे. जुन्या मराठी फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत इंग्रजी कळीचा संकेत साठवलेला असतो. यंत्र आतलं वाचतं. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे संकेत १९९१ पासून आहेत. एवढ्या वर्षांनंतर नवा मजकूर जुन्या फाँटांत चढवायला काही सबब उरत नाही.

हा प्रश्न अंधांपुरता नाही. डिस्लेक्सिया असलेलं मूल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा, शाळा लवकर सुटलेली बाई, परदेशात वाढलेली आणि मराठी समजूनही देवनागरी न वाचता येणारी नातवंडं, या सगळ्यांना कानाची वाट हवी आहे.

आणि ही मेहेरबानी नाही. दिव्यांगांना माहिती त्यांना वापरता येईल अशा रूपात मिळावी, असं २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. डिजिटल सुविधा सर्वांना वापरता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला.

करायचं ते थोडकं आहे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. परिपत्रकाच्या स्कॅनसोबत तोच मजकूर पानावर अक्षरांत द्या. नुसत्या पीडीएफवर भागवू नका, कारण युनिकोड असूनही तिच्यात कधी काना-मात्रा, वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. जाहीर सूचनेचं चित्र टाकलंत, तर खाली तीच सूचना लिहा. आणि प्रसिद्ध करण्याआधी एकदा फोनला वाचायला लावून ऐका.

वाचकांनीही गप्प बसू नये. परिपत्रक ऐकता येत नसेल, तर त्या कार्यालयाला लेखी कळवा. दाद लागली नाही, तर दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे तक्रार करा. मागितल्याशिवाय हे बदलणार नाही.